अर्धी वाटी तांदूळ

बाळंतिणीचें कोडकौतुक आपल्या घरांतून जितकें होतें, तितकें क्वचितच दुसऱ्या कोणाचें होत असेल. तिच्यासाठीं डिंक तळला जातो, अळीव नारळाच्या पाण्यांत भिजत पडतात, शेपूची भाजी आणि बाजरीची भाकरी वेळेवर पुढें येते, जेवण आटोपलें कीं बाळंतशोपा हातावर पडतात. परंतु इतकें सारें होत असतां, ‘तुला काय हवें?’ हा एक साधा प्रश्न तिला सहसा कोणी विचारीत नाहीं. विचारण्याची गरजच भासत नाहीं. कारण तिला काय हवें तें पूर्वींच ठरून गेलेलें असतें. या न विचारल्या गेलेल्या प्रश्नाविषयीं मला चार शब्द लिहावयाचे आहेत. आणि त्यासाठीं अर्ध्या वाटीच्या भाताची एक अगदीं क्षुल्लक हकीकत सांगावी लागणार आहे, तिची वाचकांनीं क्षमा करावी.

मी सांगलीस एका महाविद्यालयांत संख्याशास्त्र शिकवितें. आमचें कुटुंब हल्लींच्या मानानें मोठें, म्हणजे नऊ माणसांचें. आजेसासूबाई, सासूबाई, मामंजी, थोरले दीर, जाऊबाई, त्यांची अकरावींत शिकणारी मुलगी, आम्ही उभयतां, आणि गेल्या मार्गशीर्षापासून आमचा मुलगा. पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याचा आपला प्रघात. पण माझें माहेर चिपळूणचें, आणि मला सातवा महिना लागला असतांनाच आईचा उजवा हात मनगटांत मोडला. तेव्हां बाळंतपण सासरींच व्हावें असें ठरलें. तें शस्त्रक्रिया करून झालें, आणि सासूबाईंनीं सव्वा महिना मला अक्षरशः तळहातावर झेललें.

या सव्वा महिन्याच्या विश्रांतीची थट्टा करण्याची हल्लीं एक टूम निघाली आहे. तींत मी सामील होणार नाहीं. शस्त्रक्रियेची जखम वरून मिळून आली तरी आंतून भरावयास कित्येक आठवडे लागतात, आणि गर्भाशय पूर्वस्थितीस येण्यासहि साधारण सहा आठवडे जातात. आपल्या आज्यापणज्यांचा हिशेब याच्याशीं बराच जुळतो. आहाराचेंहि तेंच. अंगावर पाजणाऱ्या आईस पहिल्या सहा महिन्यांत नेहमींपेक्षां दररोज सुमारें ६०० कॅलरी अधिक लागतात, असें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशी सांगतात. आणि अळिवांत लोह भरपूर असतें, हेंहि खरें आहे. तात्पर्य, माझ्या देहाची निगा उत्तम राखली गेली. तक्रार देहाविषयीं नव्हतीच.

तक्रार कशाविषयीं होती, हें मला पुष्कळ दिवस नीट सांगतां येत नव्हतें. भेटीस येणारी मंडळी विचारीत, ‘दूध पुरतें ना त्याला?’, ‘रात्रीं झोपूं देतो कीं नाहीं?’, ‘तुझ्यावर गेला आहे कीं यांच्यावर?’ प्रश्न सारे प्रेमाचेच. पण माझ्याविषयींच्या प्रत्येक वाक्याचा कर्ता बाळ होऊन बसला होता. दर दोन-अडीच तासांनीं पाजणें, ढेंकर काढणें, दुपटीं बदलणें, निजविणें, आणि तें संपतें न संपतें तोंच पुन्हां पहिल्यापासून. तान्ह्या मुलाच्या कामाला आरंभ असतो, मध्य असतो, पण शेवट नसतो. वार कोणता, तिथि कोणती, याचें भान राहिलें नाहीं. एके दिवशीं पुतणी वही घेऊन आली. प्रमाण विचलनाचें एक साधें उदाहरण होतें. असलीं उदाहरणें मीं बारा वर्षें फळ्यावर सोडविलीं आहेत. त्या आंकड्यांकडे मी पाहत राहिलें, आणि पहिली पायरी कोणती तें कांहीं केल्या आठवेना. ‘मग सांगतें हं,’ असें म्हणून मीं वही मिटली. ती मुलगी शहाणी. कांहीं न बोलतां निघून गेली. त्या रात्रीं मला वाटलें, कीं पूर्वीं या खोलींत जी एक बाई राहत होती, ती कोठें तरी निघून गेली आहे, आणि घरांत कोणाच्याच तें लक्षांत आलेलें नाहीं.

अशा स्थितींत अडीच महिने लोटले. सव्वा महिना केव्हांच संपला होता. तरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं मी गेलें कीं सासूबाई म्हणत, ‘तूं आपली बाळाकडे बघ. इकडे कांहीं अडलेलें नाहीं.’ खरोखरच कांहीं अडलेलें नव्हतें. आणि तेंच माझें दुःख होतें, हें त्यांना कसें सांगावें?

माघांत मिरजेस एक मुंज होती. घरचीं सारीं तिकडे गेलीं. आजेसासूबाई आपल्या खोलींत निजल्या होत्या, आणि यजमान मुलाला खांद्यावर घेऊन ओसरीवर येरझाऱ्या घालीत होते. ओट्यावर माझें जेवण झांकून ठेवलेलें होतें. मला भूक लागली. भूक रोजच लागे. पण ती दुधाची भूक असे. यंत्रांत तेल घालावें, तसें मी पोटांत अन्न घालीत असें. त्या दुपारची भूक निराळी होती. मला चिपळूणचा मऊ भात आणि मेतकूट हवें होतें.

मेतकुटाची बरणी घरांतच होती. आईनें कोणाकडून तरी मुद्दाम धाडली होती. पण मेतकुटांत हरभऱ्याची डाळ पडते, हरभरा वातुळ, सबब बाळंतिणीस वर्ज्य, म्हणून सासूबाईंनीं ती फडताळांत अगदीं वरच्या कप्प्यावर ठेवून दिली होती. डॉक्टरीणबाईंनीं असा निर्बंध कांहीं घातला नव्हता. मीं यजमानांना हांक मारून बरणी खालीं काढवली, आणि अर्धी वाटी तांदूळ मोजून घेतले.

नऊ माणसांच्या घरांत अर्धी वाटी तांदूळ कोणी शिजवीत नाहीं. आमच्या घरचा भात पांच वाट्यांपासून सुरू होतो. इतकें लहान पातेलें शोधावयासच मला पांच मिनिटें लागलीं. शेवटीं दूध विरजण्याचें एक सांपडलें. तांदूळ आंबेमोहर होता, आणि त्याच वर्षाचा होता. नवा तांदूळ पंक्तीच्या मोकळ्या भाताला कुचकामाचा. पण मऊ भाताला तोच हवा, कारण तो लवकर चिकट होऊन मिळून येतो. धुवून, थोडा वेळ भिजवून, अडीच वाट्या पाणी आणि चिमूटभर मीठ घालून मीं तो मंद आंचेवर ठेवला. पाण्याला आधण आलें, फेंस वर चढला, मीं पळीनें तो खालीं बसविला, आणि मोहराचा तो वास उठला, ज्यावरून या तांदुळाला नांव पडलें आहे. इतक्यांत ओसरीवरून रडणें ऐकूं आलें.

आंच बंद करून मीं पातेल्यावर झांकण ठेवलें आणि बाहेर गेलें. पाजून, निजवून परत येतें तों पाऊण तास उलटून गेला होता. भाताची आशा मीं सोडलीच होती. पण झांकण काढून पाहतें, तों दाणा कोंडलेल्या वाफेंत आपला आपण फुलून मऊ झालेला. थोडें गरम पाणी घालून पुन्हां पांच मिनिटें आंच दिली, पळीच्या पाठीनें घोटला, ताटांत वाढून घेतला, वर दोन चमचे मेतकूट, लोणकढें तूप, आणि पाटावर बसून खाल्ला.

असल्या प्रसंगीं डोळ्यांना पाणी यावें, अशी लेखांतून वहिवाट आहे. मला तसें कांहीं झालें नाहीं. जेवण झाल्यावर मीं पातेलें घासून पालथें घातलें. तें पालथें पातेलें पाहून मात्र मला फार बरें वाटलें. अडीच महिन्यांत पहिल्यानेंच मीं हातीं घेतलेलें एक काम पुरें झालें होतें. मग मी पुतणीच्या टेबलापाशीं गेलें, वही उघडली, आणि तें प्रमाण विचलनाचें उदाहरण सोडवून ठेवलें.

संध्याकाळीं मंडळी परतली. झांकून ठेवलेलें जेवण तसेंच होतें, आणि विरजणाचें पातेलें पालथें होतें. सासूबाईंच्या तें एका दृष्टिक्षेपांत ध्यानांत आलें. त्या रागावल्या नाहींत. रागावल्या असत्या तर बरें झालें असतें. त्या हळूच म्हणाल्या, ‘आमचें कांहीं कमी पडलें का ग?’

मला उत्तर सुचेना. कमी कांहींच पडलें नव्हतें. ‘नाहीं हो आई,’ एवढेंच मी म्हणालें, आणि तें त्यांना पटलें नाहीं, हें त्यांच्या चेहऱ्यावर दिसलें. रात्रीं मागचें आवरतांना त्यांनीं आपण होऊनच विषय काढला. सोळा वर्षांपूर्वीं, जाऊबाईंच्या वेळीं, मुलीच्या बारशाच्या दुसऱ्याच दिवशीं सासूबाई विषमज्वरानें अंथरुणाला खिळल्या. स्वयंपाकाच्या बाई गांवीं गेलेल्या. घरांत आल्यागेल्यांसह दहा-बारा पानें. पंधरा दिवसांची ओली बाळंतीण ओट्यापाशीं उभी राहिली, ती पुढें तीन आठवडे. ‘तें मी अंथरुणावरून बघत होतें,’ सासूबाई म्हणाल्या, ‘आणि माझा इलाज नव्हता. ती चूक पुन्हां होऊं द्यायची नाहीं, असें मीं तेव्हांच ठरवलें होतें. म्हणून तुला इकडे फिरकूं देत नव्हतें.’

जाऊबाई कोपऱ्यांत दूध गाळीत होत्या. त्या सहसा फार बोलत नाहींत. गाळणें खालीं ठेवून त्या म्हणाल्या, ‘आई, तेव्हां मला कोणीं विचारलें नाहीं, आणि आतां हिला कोणीं विचारलें नाहीं. एवढें मात्र दोन्ही वेळां सारखें झालें.’

कांहीं वेळ कोणीच बोललें नाहीं. मग पलीकडे जपमाळ घेऊन बसलेल्या आजेसासूबाई म्हणाल्या, ‘आमच्या वेळीं तर भूक लागली असें म्हणायचीहि लाज वाटे.’

माझ्या या लेखाचें सारें सार जाऊबाईंच्या त्या एका वाक्यांत आहे. स्वयंपाकानें नव्या आईला आपलें हरवलेलें स्वत्व परत मिळतें, असें लिहिणें सोपें आहे. पण तेवढेंच लिहिलें, तर पुष्कळ घरांतून तो लेख सुनेला लवकर ओट्यापाशीं उभें करण्याच्या कामीं येईल. ज्या स्वयंपाकघरांत मीं मला परत मिळविलें, त्याच स्वयंपाकघरांत, त्याच ओट्याशीं, जाऊबाईंनीं स्वतःला हरविलें होतें. चूल तीच, तांदूळ तेच. फरक एवढाच, कीं माझी अर्धी वाटी माझ्यासाठीं होती, माझ्या भुकेनें मोजलेली होती. आणि ती मीं शिजविली नसती, तरी कोणाचें जेवण अडणार नव्हतें. उपकारक ठरली ती पाककला नव्हे. उपकारक ठरली ती निवड. दुसरी एखादी बाई तंबोरा घेऊन बसेल, तिसरी बागेंत माती उकरील, चौथी दार लावून नुसती झोप काढील. जिचें तिनें ठरवावें.

तरीहि साध्या स्वयंपाकाच्या अंगीं कांहीं गुण असे आहेत, कीं ते या दिवसांत विशेष उपयोगी पडतात. एक तर तो संपतो. अर्ध्या तासांत त्याचें फळ हातीं येतें. दुसरें, तो नाकाला, हाताला, कानाला जागें करतो. आणि तिसरें म्हणजे, पदार्थ नीट निवडला तर तो थांबतो. हा तिसरा गुण मला फार महत्त्वाचा वाटतो. तान्ह्या मुलाच्या आईनें गुळाच्या पाकाच्या किंवा पुरणपोळीच्या वाटेस जाऊं नये. पाक एका क्षणांत हातचा जातो, आणि पोळी तव्यावर वाट पाहत नाहीं. मऊ भात, मुगाची खिचडी, साधें वरण, आमसुलाचें सार हे पदार्थ समंजस आहेत. मध्येंच आंच बंद केली तरी ते रुसत नाहींत. पुन्हां येऊन आंच दिली, कीं झाल्या गोष्टीचा उल्लेखहि करीत नाहींत.

त्या रात्रीनंतर घरांत असें ठरलें, कीं दुपारीं चार ते पांच हा तास माझा. मुलाला त्या वेळांत सासूबाई किंवा मामंजी घेतील, सुटीच्या दिवशीं यजमान घेतील, आणि मी काय करतें, तें कोणीं विचारावयाचें नाहीं. आठवड्यांतून तीन-चार वेळां मीं कांहीं तरी शिजविलें. बाकीचे दिवस वाचलें, किंवा झोपलें. बरणींतलें मेतकूट सरलें, तेव्हां दूरध्वनीवर आईला विचारून मीं नवें केलें. एक वाटी हरभऱ्याची डाळ, अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी उडदाची डाळ, दोन चमचे गहू, धने, जिरें, थोड्या मेथ्या आणि मोहरी, चार-सहा मिरीं. प्रत्येक जिन्नस निरनिराळा, मंद आंचेवर, कोरडाच भाजावयाचा. एकत्र कां नाहीं? तर डाळीला तांबूस व्हावयास वेळ लागतो, आणि तेवढ्यांत जिरें जळून कडू होतें. मग सुंठ, हळद, हिंग घालून सारें बारीक दळावयाचें. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरे’नें वाटी-चमच्याचें माप मराठी घरांत रुळविलें खरें, पण माझ्या आईला तें आजतागायत मान्य नाहीं. ‘किती वेळ भाजूं?’ म्हणून मीं विचारलें, तर म्हणाली, ‘शेजारच्या खोलींतून कोणी काय चाललें आहे म्हणून विचारीपर्यंत.’ संख्याशास्त्राच्या पुस्तकांत हें माप नाहीं. पण तें अचूक निघालें, कारण आजेसासूबाईंनीं बरोबर वेळीं विचारलें.

येथें एक इशारा दिल्याविना पुढें जाणें बरें नव्हे. बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांनीं रडूं येणें, जीव कातर होणें, हें पुष्कळ स्त्रियांना होतें आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतें. परंतु उदासी त्यापुढें टिकली, झोप मिळत असूनहि झोप लागेना, मुलाविषयीं कांहींच वाटेनासें झालें, किंवा स्वतःला वा मुलाला इजा करण्याचे विचार येऊं लागले, तर तें दुखणें आहे. त्यावर औषध आहे, आणि विलंब न लावतां डॉक्टरांकडे गेलें पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांपैकीं सुमारें १३ टक्के स्त्रियांना मानसिक विकार, मुख्यतः नैराश्य, जडतें. विकसनशील देशांत हेंच प्रमाण सुमारें २० टक्के आहे. म्हणजे आपल्या ओळखीच्या दर पांच बाळंतिणींत एक. केंद्र सरकारनें २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर याविषयीं विनामूल्य सल्ला मिळतो. मीं स्वतः डॉक्टरीणबाईंना सारें सांगितलें. त्यांनीं प्रश्नावली भरून घेतली, आणि माझी स्थिति त्या थरास गेलेली नाहीं, असा निर्वाळा दिला. पण तें त्यांनीं ठरवावयाचें होतें, मीं नव्हे, आणि मऊ भातानें तर नव्हेच.

आमच्या मुलाचें उष्टावण सहा महिने पुरे झाल्यावर, ज्येष्ठांत झालें. तांदूळ आणि मुगाची डाळ धुवून, वाळवून, भाजून, त्यांचा रवा काढून केलेली खिमट त्याला भरविली. पहिलें वर्षभर मीठ-साखर नको, हें सासूबाईंनींहि मान्य केलें. त्याच आठवड्यांत माझी रजा संपली. २०१७ सालच्या सुधारणेनंतर कायद्यानें ती सव्वीस आठवड्यांची झाली आहे. माझ्या आईला १९८८ सालीं शाळेंतून याच्या निम्मीहि मिळाली नव्हती.

कामावर जाण्याच्या आदल्या दिवशीं, दुपारच्या माझ्या तासांत, मी ओट्यापाशीं उभी होतें. सासूबाई मुलाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मीं विचारलें, ‘आई, आज तुम्हांला काय खावेंसें वाटतें?’

त्या एकदम गप्प झाल्या. मग हंसून म्हणाल्या, ‘मला? मला काय, जें होईल तें.’ मीं पुन्हां विचारलें. ‘विचार करून सांगतें,’ म्हणाल्या. आणि खरोखरच विचार करीत बसल्या. या घरांत येऊन त्यांना चव्वेचाळीस वर्षें झालीं. मामंजींना काय आवडतें, दिरांना कारल्याची भाजी कशी लागते, पुतणीच्या डब्यांत बुधवारीं काय जातें, हें सारें त्यांना तोंडपाठ. या एका प्रश्नाला मात्र त्यांच्यापाशीं उत्तर तयार नव्हतें.

तिन्हीसांजेला दिवा लावून झाल्यावर त्या ओट्यापाशीं आल्या आणि म्हणाल्या, ‘थालीपीठ. पण तें तव्यावरून थेट माझ्या पानांत पडलें पाहिजे. गरम थालीपीठ मीं आजवर फक्त वाढलें आहे.’

जाऊबाईंनीं पीठ भिजविलें, मीं तवा तापत ठेवला, आणि सर्वांच्या आधीं सासूबाईंचें पान मांडलें.